हिरवा दिवा, ओला कागद

बांधणीवालीच्या नवऱ्याला सगळा कारखाना ‘टिपकागद’ म्हणायचा आणि गडी ते ऐकून वर फुशारायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना कॅमेऱ्यासाठी एक जाडजूड पेटी लागते, हाउसिंग म्हणतात तिला. ती त्याच्या कारखान्यात बनायची. अॅल्युमिनियमचा अख्खा ठोकळा घ्यायचा, मशीनवर आतून कोरून कॅमेऱ्याच्या मापाची पोकळी करायची, रसायनाच्या हौदात बुडवून वर काळा थर चढवायचा, समोर अॅक्रिलिकचा घुमट बसवायचा आणि झाकणाच्या खोबणीत ग्रीस लावलेली रबरी रिंग घालायची. त्या रिंगवर एक केस जरी आडवा पडला तरी कॅमेरा गेलाच कामातून. म्हणून टेस्ट. रिकाम्या पेटीत टिपकागदाचा एक चौकोन ठेवायचा, पंपाने आतली हवा ओढायची, पेटी टाकीत बुडवायची आणि आठ तास तिला कुणी हात लावायचा नाही. आठ तासांनी कागद कोरडा निघाला तर त्यावर सही. ओला निघाला तर त्यावर ‘नापास’ लिहायचं आणि पेटी करवतीखाली द्यायची.

तीस वर्षांत टिपकागदाने स्वतः रिंग बसवलेली एकही पेटी नापास झाली नव्हती. सह्या केलेले कोरडे कागद त्याने खोक्यांत भरून माळ्यावर ठेवले होते. तसले बारा खोके होते, आणि माणूस पाहुण्यांना ते उघडून दाखवायचा. पाहुणे बिचारे काय करतील? कोरड्या कागदाकडे बघून ‘वा वा’ म्हणायचे.

आणि घरात? घरात बायकोच्या टेबलावर छतातून पाणी टपकत होतं. आज नाही, काल नाही, बारा वर्षं!

बांधणीवाली पुस्तकं बांधायची. गल्लीवर दार उघडणारी घराची पुढची खोली, हाच तिचा कारखाना. पुस्तकं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा, पुठ्ठे कापायची भली मोठी कात्री, विजेवर तापणारं सरसाचं भांडं आणि मधोमध टेबल. त्या टेबलावर छताची लोखंडी तुळई आडवी गेलेली, आणि तिच्यावरून थेंब. टप. थोडं थांबून पुन्हा टप. ती नवऱ्याला हाक मारायची. तो शिडी लावून गच्चीवर जायचा, तिथे बादलीभर पाणी ओतायचा, गुडघ्यांवर बसून भिंग लावून बघायचा आणि खाली येऊन सांगायचा, “गळती नाही.”

“मग हे काय आहे? माझा घाम?”

“ते माहीत नाही. पण गळती नाही.”

असं बारा वर्षं. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं. तिने टेबल सरकवून पाहिलं, वर प्लास्टिक बांधून पाहिलं, थेंबाखाली वाटी ठेवून पाहिली. अखेर गेल्या महिन्यात एका दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या आजोबांची हाताने लिहिलेली वही तिच्याकडे आली. बांधणीवालीने ती जीव ओतून बांधली, आणि नेमका शेवटच्या दिवशी उघड्या पानावर थेंब पडला. शाई पसरली. आजोबांच्या अक्षराच्या पाच ओळी नुसता निळा डाग झाल्या. डॉक्टरीणबाई वही छातीशी धरून निघून गेल्या. त्या चार शिव्या देऊन गेल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं. थोरल्या बहिणीच्या गावात वह्यांच्या दुकानावर एक कोरडी खोली रिकामी होती. जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, “रविवारी ताई टेम्पो घेऊन येतेय. मी शिकंजा घेऊन चाललेय. कायमची.”

टिपकागदाने घास हातात धरून विचार केला. “रविवारी? म्हणजे माझ्या हातात चार दिवस आहेत.”

अहो, काय म्हणावं या माणसाला! तिला वाटलं होतं, हा निदान म्हणेल की जाऊ नकोस. दोन शब्द. तेवढं बोलायला याच्या जिभेलाही रिंग बसवलीय की काय? तिला रडू आलं, पण याच्यासमोर रडणार कोण, म्हणून ती भांडी घासायला उठली.

चार दिवस टिपकागदाने रजा काढली आणि त्या खोलीचं हाउसिंग केलं. विनोद नव्हे, खरंच केलं. भिंतींना आणि छताला जाड रंगाचे तीन हात. खिडकी काढून तिथे अॅक्रिलिकचा घुमट, चार बोटं जाड, काचेहून लखलखीत, गल्लीत पोट काढून उभा. जुनं लाकडी दार गेलं आणि काळं कुळकुळीत अॅल्युमिनियमचं आलं, कडेने खोबण, खोबणीत करंगळीएवढी रबरी रिंग, बाहेरून बारा खटके. कारखान्याचा मालक स्वतः येऊन बघून गेला आणि एवढा हरखला की पंप त्याने आपल्या गाडीतून पाठवला. “एवढं मोठं हाउसिंग आपण कधी केलंच नव्हतं, वहिनी,” तो म्हणाला. बांधणीवालीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

रविवारी सकाळी आठला टेम्पो आला. ताई उतरल्या. या ताई म्हणजे नाकासमोर चालणाऱ्या आणि वाटेत येईल त्याला बाजूला सारणाऱ्या. “चला, आधी काय उचलायचं?” त्यांनी विचारलं.

टिपकागद दारात हात जोडून उभा राहिला. “ताई, एक टेस्ट होऊ द्या. कागद ओला झाला तर शिकंजा मी स्वतः पाठीवर घेऊन टेम्पोत चढवतो. शब्द.”

बांधणीवालीला त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. चार दिवसांत माणूस झोपला नव्हता. “होऊ दे टेस्ट,” ती ताईला म्हणाली. “नंतर माझ्या नावाने बोंब नको.”

तिघं आत गेले. बाहेर पंपाशी कारखान्याचा लेथवाला स्टूल टाकून बसला होता. सज्जन माणूस, पण सांगितल्याबाहेर इकडची काडी तिकडे न करणारा. त्याने दार लावलं. एक, दोन, तीन असे बाराही खटके मारले. टिपकागदाने टेबलाच्या मधोमध टिपकागदाचा चौकोन ठेवला. हे चौकोनही तिच्याच टेबलावरचे, बांधणीतून उरलेले. तीस वर्षं तो ते घेऊन जात होता. पंप घरघरला, तिघांच्या कानांत दडे बसले आणि हवा कुठून निसटत नसली की लागणारा दारावरचा छोटा दिवा हिरवा झाला.

“हवा धरली!” टिपकागद ओरडला. “तीस वर्षं पेट्या तपासल्या, पण आत बसायला आजच मिळालं.”

“झालं समाधान?” ताई म्हणाल्या. “आता उघडा.”

“आठ तासांनी.”

“काय?”

“टेस्ट आठ तासांची असते, ताई.” हे सांगायचं असतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. आठवडा सात दिवसांचा असतो, हे कुणी सांगत बसतं का?

ताई दाराकडे गेल्या. दाराला आतून कडी नव्हती, मूठ नव्हती, बोट घालायला फटसुद्धा नव्हती. “कडी कुठे आहे?”

“बाहेर.”

“आणि आत?”

“आत कशाला? कॅमेऱ्याला हात असतात का?”

बांधणीवालीने कपाळावर हात मारला. चार दिवस हा माणूस राबला, एकेक खोबण केसाच्या मापाने कोरली, आणि आत माणसं असणार हे काही याच्या डोक्यात आलं नाही. हवा सोडायचा व्हॉल्व्ह? तोही बाहेर. हाउसिंगचा व्हॉल्व्ह बाहेरच असतो म्हणे.

ताईंनी घुमटावर दोन्ही हातांनी धपाधप मारलं. बाहेर लेथवाल्याने मान वर केली, हसून घड्याळ दाखवलं आणि एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली. आवाज ना आत येत होता, ना बाहेर जात होता. घुमटातून त्याचं डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काड्यांएवढे दिसत होते. टेम्पोवाला त्याच्या शेजारी येऊन चहा पीत उभा राहिला.

“फोन लाव त्या कारखान्याच्या मालकाला,” ताई म्हणाल्या.

बांधणीवालीने फोन लावला. मालकाने पहिल्या घंटीला उचलला. “वहिनी! टिकली का हवा?”

“टिकली. आता उघडायला सांगा.”

“छे छे, वहिनी. आठ तासांच्या आत मी माझ्या बापाच्या सांगण्यावरूनही झाकण उघडलं नव्हतं. कारखाना त्याचा होता तरी! कागद ओला झाला तरच उघडायचं. झालाय का?”

तिने टेबलाकडे पाहिलं. कागद ठणठणीत कोरडा. “नाही.”

“मग अभिनंदन!” म्हणून त्याने फोन ठेवला.

ताईंनी मग अग्निशमन दलाला लावला. तिथल्या माणसाने विचारलं, “आग आहे का?” “नाही.” “पाणी शिरलंय?” “नाही, तेच तर शिरत नाहीये!” “मग बाई, तक्रार काय आहे तुमची?”  ताईंनी फोन टिपकागदाच्या अंगावर फेकला.

“हवा पुरेल का?” बांधणीवालीने विचारलं.

“हिशोब केलाय. तीन माणसं, खोली एवढी, आठ तास आरामात.”

“आणि नववा?” ताईंनी विचारलं. त्याने टेबलावरच्या कागदाची कड सरळ केली, तशा त्या पुढे म्हणाल्या, “आणि मला मध्येच जायची वेळ आली तर?”

“कॅमेऱ्याला तसलं काही…”

“पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढलंत तर हा शिकंजा आणि तुमचं डोकं!”

दहा वाजले. गल्लीतली माणसं येता-जाता थांबून बघू लागली. बांधणीवालीला हात बांधून बसायची सवय नव्हती. अर्धवट राहिलेलं एक गाण्यांचं पुस्तक पडलं होतं, जायच्या आधी तेवढं हातावेगळं करावं म्हणून तिने सरसाचं भांडं चालू केलं. सरस वितळला, वाफ निघाली. ताई घाम पुसत होत्या. टिपकागद कागदासमोर स्टुलावर बसला होता, पापणी न हलवता. बायको त्याच्या समोर तीन हातांवर बसून फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या पानांच्या घड्या, शिवत होती, पण तो बघत होता कागदाकडे. म्हशीने गवताकडे बघावं तसं.

अकराच्या सुमाराला ते झालं. टप.

कागदाच्या बरोबर मधोमध रुपयाएवढा काळसर डाग पसरला.

टिपकागदाने कागदाकडे पाहिलं, मग दारावरच्या दिव्याकडे. दिवा हिरवागार. पुन्हा कागद, पुन्हा दिवा. मग तो टेबलावर चढला, तुळईवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि काय सांगावं, वर उभ्या उभ्या नाचायलाच लागला. “सरस! सरसाचा वास येतोय! अगं, ही गळती नाहीच! हे पाणी आतलंच आहे! तुझ्या भांड्याची वाफ, तुझा श्वास. वर तुळई गार, तिला लागून वाफेचं पाणी होतंय. मी म्हणत नव्हतो, गळती नाही?”

“म्हणजे आता माझाच दोष,” बांधणीवाली म्हणाली.

“दोष नाही गं. कितीतरी गिऱ्हाइकं येतात आमच्याकडे. घुमट आतून धुकट झाला की म्हणतात गळती, गळती. मी सांगतो, बाबांनो, आतली हवाच दमट आहे, ओल शोषणारी पुडी ठेवा. दर आठवड्याला सांगतो!”

बांधणीवालीने सुई पुस्तकात खोचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. “दर आठवड्याला?”

“हो तर.”

“किती वर्षं?”

“सुरुवातीपासून. वीस, पंचवीस…” आणि तिथे त्याच्या लक्षात आलं आपण काय बोलतोय ते. तो टेबलावर उभा होता तसाच राहिला.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. “सगळ्या जगाला सांगत होतात. बारा वर्षं मी म्हणत होते पाणी पडतंय, आणि तुम्ही म्हणत होतात गळती नाही. दोघंही खरंच बोलत होतो. आता मला एवढंच सांगा. बारा वर्षांत मी कामाला बसलेली असताना तुम्ही या खोलीत कधी तासभर बसलात?”

त्याने बोटावरचं पाणी पँटला पुसलं.

“तासभर नाही, अर्धा तास? भांडं तापतं, वाफ वर जाते, थेंब पडतो. एवढंच आहे. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पण मी हाक मारली की तुम्ही गच्चीवर. माझ्या डोक्यावर चढून मला शोधत होतात. इथे खाली यायला तुम्हाला बारा खटके लावून कोंडून घ्यावं लागलं.”

 टिपकागद टेबलावरून उतरला. उतरताना त्याने कागदावर पाय पडणार नाही याची काळजी घेतली, सवयच ती. स्टुलावर बसला. 

“जाऊ नकोस,” तो शेवटी म्हणाला. “तू गेलीस तर मी… मला कोरड्या घरात राहायचं नाही.”

तीस वर्षांत याच्या तोंडून असलं काही आलं नव्हतं. बांधणीवालीचा जीव गलबलला. पण ती काही दुधखुळी नव्हती. “कोंडलेला माणूस काहीही बोलतो,” ती म्हणाली. “पेटीची टेस्ट झाली ना? कागद ओला आहे. लिहा काय ते.”

“पण ही पेटी चांगली आहे गं! दिवा बघ ना. रिंगने थेंबभर बाहेरचं पाणी घेतलं नाही. हा कागद ओला झाला तो…”

“कागद कोरडा की ओला?”

“ओला.”

“आणि नियम?”

नियम त्याला माहीत होता. नियम म्हणायचा, ओला तर नापास. पाणी कुठलं, हे नियम विचारत नव्हता. त्याने खिशातून पेन्सिल काढली.  माळ्यावरचे बारा खोके त्याच्या डोळ्यांपुढून गेले असणार, कारण तो एकदा वर बघून पुन्हा खाली बघू लागला. मग त्याने लिहिलं. ‘नापास.’ खाली सही. खरं तर दार उघडायला एवढं पुरेसं होतं, पण त्याने त्या सहीखाली आणखी एक ओळ लिहिली, ती नियमात नव्हती: ‘चूक टेस्टरची.’

तो उठला आणि त्याने कागद घुमटाला आतून चिकटवला.

बाहेर लेथवाला जवळ आला. घुमटात ‘नापास’ हा शब्द हातभर मोठा दिसत असणार. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, कुणी गेल्यासारखी. मग त्याला हिरवा दिवा आठवला. बाहेरच्या बाजूलाही एक दिवा होता, तोही हिरवाच. लेथवाल्याने दिव्याकडे बोट दाखवलं, कागदाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात पसरले. दिवा म्हणतो पास, कागद म्हणतो नापास, मी गरिबाने ऐकायचं कुणाचं? त्याने मालकाला फोन केला. मालक गाडी काढून आला. गल्लीत घुमटासमोर सभाच भरली. मालक दिव्याच्या बाजूचा, टेम्पोवाला कागदाच्या बाजूचा, लेथवाला एकदा इकडे एकदा तिकडे. आतून ऐकू काही येत नव्हतं, नुसते हात दिसत होते, आणि फोन लावला तर त्या भांडणात कुणी उचलेना. वीस मिनिटं! ताईंना आता खरोखर जायची वेळ आली होती, आणि त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत देवाला नाही नाही ते बोलत होत्या.

शेवटी मालकाने घुमटाला नाक लावून सही पाहिली. ती तीस वर्षांची ओळखीची सही होती. त्याने मान हलवली. लेथवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला, कानांतले दडे सुटले, खटाखट बारा खटके निघाले आणि दार उघडलं. ताई मालकाला धक्का मारून घरात पळाल्या.

“दिवा खोटं बोलत नाही,” मालक आत येऊन म्हणाला. “काय झालं रे?”

“दिवा बरोबर आहे,” टिपकागद म्हणाला. “मी नापास आहे.” एवढं बोलून तो शिकंज्याकडे गेला, पाठ वाकवली आणि दोन्ही हातांनी तो लोखंडी धूड उचलायला लागला. दिलेला शब्द म्हणजे शब्द. शिकंजा तसूभर हलला नाही, पण याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

बांधणीवाली बघत राहिली. तिला राग होता, बारा वर्षांचा, तो काही एका ‘नापास’ने जाणार नव्हता. पण हा माणूस आता खरंच तिचं सामान भरून तिला पाठवून देईल, आणि रात्री एकटाच पुन्हा भिंग घेऊन गच्चीवर जाऊन बसेल, हेही तिला लख्ख दिसलं.

“ठेवा तो,” ती म्हणाली. “कंबर मोडून घ्याल.”

“कुठून सुरुवात करायची, बाई?” टेम्पोवाल्याने दारातून विचारलं. त्याची दुसरी खेप दुपारी होती.

“याच दारापासून,” ती म्हणाली. “हे दार काढा. मग तो घुमट, मग पंप. सगळं यांच्या कारखान्यात टाका. खिडकीला खिडकी हवी मला, उघडणारी. आणि तुळईखाली भिंतीला हातभर भोक पाडायचं, वाफ जाईल असं.”

“भोक?” टिपकागद आणि मालक एकदम म्हणाले.

“भोक.”

ताई बाहेर आल्या तेव्हा टेम्पोत अॅल्युमिनियमचं दार चढत होतं. त्यांनी धाकट्या बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि उमजल्या. “मूर्ख आहेस,” त्या म्हणाल्या. “ती खोली महिनाभर धरून ठेवते मी. महिनाभरच.” आणि टेम्पोवाल्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

टेम्पो गेला. खोलीला दार नाही, खिडकी नाही, गल्लीतलं वारं सरळ आत. टिपकागद हातोडा आणायला निघाला.

“कुठे निघालात?”

“भोक पाडायला.”

“ते उद्या. आज इथे बसा.”

“काय करू बसून?”

तिने गाण्यांच्या पुस्तकाचे फर्मे त्याच्यासमोर ठेवले. “हे क्रमाने लावा. खाली आकडे आहेत.”

तो बसला. एकेक फर्मा डोळ्यांजवळ नेऊन, कडा जुळवून, बोटाने दाबून तो लावू लागला. ती समोर शिवत होती. मध्ये कधीतरी थेंब पडला तेव्हा त्याने वर पाहिलं नाही, भांड्याकडे पाहिलं आणि त्यावर झाकण सरकवलं. तासाभराने त्याने चळत पुढे केली, परीक्षेचा पेपर द्यावा तशी. तिने चाळली. तिसरा आणि चौथा फर्मा उलटे लागले होते आणि सहावा गायबच होता, तो त्याच्याच मांडीखाली निघाला.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली आणि सगळी चळत त्याच्यासमोर परत ठेवली.